उलटी स्प्रिंग

६ जानेवारी

दादा, नमस्कार.

फोन करून उपयोग नाही म्हणून कागद घेऊन बसलोय. मागच्या वेळी अर्धा तास मी ओरडत होतो आणि शेवटी तुम्ही विचारलंत, ‘कोण बोलतंय?’ जन्मभर लोकांची पिस्तुलं कानाशी वाजवून घेतल्यावर दुसरं काय व्हायचं!

काम असं आहे. आमच्या कंपनीत पैशांच्या गाडीवर जे हत्यार घेऊन बसतात, त्यांची नेमबाजीची परीक्षा होते. मी दुसऱ्यांदा नापास झालो. नेम चुकला म्हणून नाही. तुमच्या बाबांच्या दुकानातून घेतलेलं पिस्तूल मध्येच अडकतं. थोड्या गोळ्या नीट सुटतात, मग पुढची नळीत जातच नाही, तिथेच तिरकी पडून राहते. मी वरची सरकती स्लाइड ओढत, झटकत उभा आणि मागे सगळे पहारेकरी खिदळतायत. आमचा साहेब म्हणाला, ‘अहो, घरी बायकोसमोर तरी चालतं ना?’ सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसलो नाही.

तिसरी परीक्षा एप्रिलच्या शेवटी आहे. तिच्यातही नापास झालो की पिस्तूल कंपनीत जमा आणि परवाना रद्द करायची शिफारस वर जाणार. मग मला गोदामाच्या दारावर काठी देऊन बसवतील. काठी घेऊन मी बसणारा माणूस नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

काय ते लवकर कळवा. ही बरी आहे.

तुमच्या बहिणीचा मालक


१४ जानेवारी

दाजी,

नाचता येईना अंगण वाकडं! हत्यार अडकलं की माणूस आधी हत्याराला शिव्या देतो, मग गोळ्या विकणाऱ्याला, आणि कोणीच उरलं नाही की बायकोला. स्वतःच्या मनगटाकडे बघायचं मात्र कोणाला सुचत नाही. मनगट सैल असलं की पिस्तूल हातातच लचकतं, स्लाइड पूर्ण मागे येत नाही आणि पुढची गोळी उचललीच जात नाही. तेव्हा आधी दुसऱ्या कोणाकडून तरी ते चालवून घ्या. त्याच्या हातातही अडकलं तर तुमची अब्रू वाचली.

मग पुढचं बघा. मधलीच गोळी अडकते की शेवटच्या? दोन्हींची दुखणी वेगळी. अडकलेल्या गोळीचं नाक वर असतं की खाली? गोळ्या भरायच्या मॅगझिन तुमच्याकडे दोन आहेत, त्यातल्या एकीवर रंगाचा ठिपका द्या, म्हणजे खोट एकीत आहे की दोन्हींत ते कळेल. मॅगझिनचे ओठ, म्हणजे गोळी धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकलेत का तेही पाहा. हो, आम्ही त्यांना ओठच म्हणतो, भलतं काही मनात आणू नका. नळीच्या तोंडाखाली जो उतार असतो त्यावर काजळी असेल तर पुसा, पण घासकागद लावलात तर खबरदार. शेवटी मॅगझिनचं बूड काढा आणि आतली स्प्रिंग कशी बसली आहे त्याचं चित्र काढून पाठवा. हे सगळं करताना गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा. बाबा म्हणायचे, रिकामं पिस्तूल सगळ्यात जास्त माणसं मारतं.

आणि पी हळद हो गोरी करू नका. एका वेळी एकच गोष्ट बदला. चार गोष्टी एकदम केल्या तर कशाने गुण आला ते कळत नाही.

ठिणगी काय म्हणते? दुकानात धारेच्या चाकापाशी बसून ठिणग्या तळहातावर झेलायची, म्हणून बाबांनी नाव ठेवलं. तिला म्हणावं, दादाला चार ओळी लिही की. तुमच्या वहिनीचं पोट पुन्हा दुखतंय, एप्रिलमध्ये ऑपरेशन करावं लागेल असं डॉक्टर म्हणतात.

दादा


२ फेब्रुवारी

दादा, नमस्कार.

सांगितलंत तसं सगळं केलं. आमच्या गाडीच्या ड्रायव्हरचं मनगट बैलासारखं आहे, त्याच्या हातातही अडकलं. म्हणजे अब्रू वाचली. पहिल्या गोळ्या ठीक, शेवटच्या शेवटच्या अडकतात. नाक खाली, जमिनीत तोंड खुपसल्यासारखं. ओठ सरळ आहेत. उतार पुसला. ठिपक्याची आणि बिनठिपक्याची, दोन्ही मॅगझिन सारख्याच नालायक. स्प्रिंगचं चित्र सोबत आहे, हसू नका, शाळेतही माझी चित्रकला अशीच होती.

हिला चार ओळी लिहायला सांगितलंय. मागच्या बाजूला आहेत.

मालक

(मागच्या बाजूला)

दादा, मी बरी आहे. हे वाचणार आहेत म्हणून अक्षर नीट काढतेय. दादा, ते पिस्तूल आता म्हातारं झालंय. बाबांच्या हातचं असलं म्हणून काय झालं, कधीतरी निकामी होणारच. ते दुरुस्त होण्यासारखं नाही असं तू लिहून टाक ना. ह्यांचा दुसऱ्या कोणावर विश्वास बसत नाही, तुझ्यावर बसेल. जमा झालं तर होऊ दे. गोदामावरचं काम काही वाईट नाही, सावलीत बसायचं. वहिनीला जप. माझं एवढं ऐक.

ठिणगी


११ फेब्रुवारी

दाजी, आणि दाजींच्या खांद्यावरून डोकावणाऱ्या ठिणगे,

आधी तुझी हजेरी घेतो. दुरुस्त होण्यासारखं नाही? हे तू मला सांगतेस? अगं, पुरातून काढलेली, गंजून दगड झालेली हत्यारं मी बोलती केली आहेत आणि बाबांच्या हातचं पिस्तूल मोडीत काढ म्हणून लिहू? दुकानाची पाटी उतरवून मग लिहितो. तुझी बुद्धी नवऱ्याच्या घरी जाऊन गंजली वाटतं.

आता दाजी, तुमचं चित्र. गाढवाने काढलं असतं तरी मला कळलं असतं. स्प्रिंग उलटी बसली आहे! तिचं सगळ्यात वरचं वेटोळं पुढच्या बाजूला उंच हवं, म्हणजे ते गोळीचं नाक उचलून धरतं. तुमच्याकडे ते मागे उंच आहे. भरलेल्या मॅगझिनमध्ये दाब जास्त असतो, म्हणून पहिल्या गोळ्या कशाबशा निभावून जातात. दाब उतरला की पुढची बाजू खचते आणि गोळी उतारावर नाक आपटते. बूड काढा, स्प्रिंग फिरवा, परत बसवा. झालं. माझी फी म्हणून एक शाबासकी पाठवा.

पण खरी गंमत पुढे आहे. साफ करताना चुकून एक स्प्रिंग उलटी बसते. दोन्ही बसत नाहीत. दोन्ही सारख्याच उलट्या, म्हणजे हात जाणता आहे. आमचे बाबा आम्हाला असंच शिकवायचे. गुपचूप स्प्रिंग फिरवून ठेवायचे आणि म्हणायचे, शोधा. मी मॅगझिन खोलून, उजेडात धरून शोधायचो. ठिणगी वरून नुसतं बोट दाबायची आणि सांगायची. मला तिचा फार राग यायचा. तेव्हा दाजी, तुमच्या घरात हे काम जमणारं एकच माणूस आहे, आणि ते आत्ता तुमच्या खांद्यावरून वाचतंय! विचारा तिला, कशाचा सूड उगवलास म्हणून. साडी आणली नसेल तुम्ही.

दादा


६ मार्च

दादा, नमस्कार.

शाबासकी घ्या. स्प्रिंगा फिरवल्या. हाताने स्लाइड ओढून पाहिलं, खोट्या गोळ्या सुरळीत वर येतात.

तुम्ही थट्टेत नाव घेतलंत, मीही थट्टेतच विचारलं. आधी नाही म्हणाली. मग म्हणाली, साफ करताना झालं असेल. मग मी तुमचं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, ‘दोन्ही सारख्याच उलट्या, म्हणजे हात जाणता आहे.’ आम्ही कपाटापाशी उभे होतो. शेवटी बोलली. मी परीक्षेत पडावं, पिस्तूल घरातून जावं, अशी बाईसाहेबांची इच्छा होती. चार लोकांत माझी अब्रू गेली ती ह्या आपल्या माणसामुळे. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाला सांगणार?

तुम्ही नसता तर मी गोळ्या विकणाऱ्यालाच शिव्या देत बसलो असतो. उपकार विसरणार नाही.

मालक

(खाली, वाकड्यातिकड्या अक्षरात)

दादा मी बरी आहे. उजवा हात कपाटाच्या दारात सापडला म्हणून डाव्याने लिहिलंय. तू बरोबर ओळखलंस.

ठिणगी


१२ मार्च

दाजींना नमस्कार.

पत्र मिळालं. ठिणगीने केलं ते चुकलंच. तुम्हाला राग आला असेल तर त्यात नवल नाही. लहानपणापासून ती अशीच आहे, तिच्या वतीने मी माफी मागतो. झालं गेलं सोडून द्या.

पिस्तुलाबद्दल मात्र लिहायला हवं. नुसत्या स्प्रिंगा फिरवून भागणार नाही. इतके दिवस गोळ्या नाक आपटत होत्या, त्यामुळे उतारावर ओरखडे पडले असणार. परीक्षेत ऐन वेळी दगा नको. तुमची गाडी महिन्याअखेरीला आमच्या बाजूने जाते, तेव्हा पिस्तूल आणि दोन्ही मॅगझिन घेऊन या. तुमच्या समोर काम करून देतो आणि हमी देतो.

येताना ठिणगीलाही आणलंत तर बरं होईल. तुमच्या वहिनीचं ऑपरेशन आहे, घरात बाईमाणूस हवं. हात दुखत असला तरी बसून सांगेल, मी करीन. डॉक्टरला हातही दाखवता येईल. आपल्या सवडीने ठरवा. माझा आग्रह नाही.

आपला, दादा


३ एप्रिल

दादा, नमस्कार.

सुखरूप पोचलो. तुमचं दुकान बघून बरं वाटलं. मागच्या खोलीतल्या वाळूच्या पेटीत मी स्वतः दोन्ही मॅगझिन रिकाम्या केल्या, एकही गोळी अडकली नाही! लोणी, दादा, लोणी! त्यानंतरही तुम्ही शेवटचं तेलपाणी म्हणून ते आत घेऊन गेलात आणि मला चहा घेऊन बसवलंत. असे कारागीर आता राहिले नाहीत. तुम्ही फार बोलला नाहीत, वहिनींची काळजी असेल.

ठिणगीला आणलं नाही म्हणून रागावू नका. तिचा हात अजून कामाचा नाही, तुम्हाला तिचा उपयोग काय? आणि तिने इथेच असलेलं बरं, डोळ्यांसमोर.

घरी आल्यावर तिला सांगितलं, तुझा दादा हमी देऊन बसलाय, आता हे जन्मात अडकणार नाही. म्हणाली, बघू. पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं, मॅगझिनवर बोट दाबलं आणि म्हणाली, ‘हो, दादाचंच काम आहे.’ किती दिवसांनी हसली. बघा, तुमच्यामुळे घरात हसू आलं.

मालक


९ एप्रिल

दादा,

हे पत्र समोरच्या शिवणवालीकडून टाकतेय. उत्तर तिच्याच पत्त्यावर टाक, खाली दिला आहे. हा पत्ता मला आधी सुचायला हवा होता, पण त्या बाईशी बोलायला मला आत्ता कुठे सवड मिळाली. हे पत्र फक्त तू वाचशील म्हणून खरं लिहिते.

मला तुझा राग आला होता. मोडीत काढ म्हणून मी इतकं स्पष्ट लिहिलं, आणि तुला तुझ्या दुकानाच्या पाटीचं पडलं होतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तुझं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. एक वाक्य वाचायचं आणि कपाटाचं दार ढकलायचं. दोन बोटं आता वाकत नाहीत.

जेवताना ते पिस्तूल ताटाशेजारी ठेवतात. मग माझ्या कानाला लावतात आणि विचारतात, ‘ओळख, भरलंय की रिकामं?’ मी भरलंय म्हटलं की चाप ओढतात आणि खो खो हसतात. रिकामं म्हटलं तर मॅगझिन काढून दाखवतात, भरलेली असते, फक्त गोळी नळीत चढवलेली नसते. रोज. माझं दोन्हींकडून चुकतं. मला भीती वाटते दादा.

पण तू ते घरी पाठवलंस तेव्हा मी हातात घेऊन पाहिलं. उतार आरशासारखा केलास. मॅगझिनवर बोट दाबलं, बाबांच्या वेळेसारखं लागलं. आणि माझा राग गेला. दादाच्या हातून गेलेली वस्तू दगा देत नाही. मी उगाच ते बिघडवत बसले, ते चालतंय हेच बरं. आता पुढच्या वेळी ते कानाला लावून खाली ठेवलं की मी उचलणार आहे. डाव्या हाताने जमेल. मनगट घट्ट ठेवीन.

ह्याचं पुढे काय होईल ते होईल. तुरुंगात जेवताना ताटाशेजारी पिस्तूल नसतं. वहिनीला सांग, ऑपरेशनच्या वेळी येता येणार नाही.

ठिणगी


१३ एप्रिल

ठिणगे, उचलू नकोस! काही झालं तरी ते उचलू नकोस!

त्या पिस्तुलात जीव नाही. तुझं डाव्या हाताचं अक्षर पाहिलं आणि मला सगळं कळलं. म्हणून त्याला बोलावलं, त्याच्यासमोर सगळं सुरळीत करून दाखवलं आणि मग आत नेऊन फायरिंग पिन घासून आखूड केली. गोळी वर येईल, घोडा पडेल, आवाजही येईल, पण काडतुसाच्या बुडाला ठोकाच बसणार नाही. ते त्याच्या हातात असताना तुला काही होऊ नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. परीक्षेत एकही गोळी सुटणार नाही, तो नापास होईल, पिस्तूल जमा होईल, तुला हवं होतं तेच. तुला कळवायला जागा नव्हती. तुझी पत्रं तो वाचतो, मी तरी कुठे लिहिणार? हा शिवणवालीचा पत्ता आधी मिळाला असता तर!

मी मूर्ख आहे. मी पिस्तूल मुकं केलं आणि समजलो की तू वाचलीस. त्याच्या हातांचा विचारच केला नाही.

तुझ्या वहिनीचं ऑपरेशन आज झालं, अजून शुद्धीवर आली नाही. हिला टाकून आत्ता निघता येत नाही. शुक्रवारी हिचा भाऊ येतोय, तो आला की मी त्याच पावली निघतो आणि तुला घेऊन येतो. तोवर तो म्हणेल त्याला हो म्हण. रिकामं म्हण, भरलंय म्हण, काहीही म्हण. फक्त उचलू नकोस.

दादा


१७ एप्रिल

दादा, नमस्कार.

शुक्रवारी येऊ नका, तसदी नको. तुमचं तेरा तारखेचं पत्र मला मिळालं. शिवणवालीने काढून दिलं, ठिणगीचं तिच्याकडे जाणं-येणं माझ्या नजरेत होतं. भली बाई आहे, आधी ‘कसलं पत्र?’ म्हणत होती, मी तिच्या मशीनवर हात ठेवून उभा राहिलो तेव्हा आठवलं.

पत्र आलं काल. ठिणगीने पिस्तूल उचललं परवा.

माझ्याकडे दोन सहकारी जेवायला होते, त्यामुळे गोष्ट चार डोळ्यांनी पाहिलेली आहे. मी नेहमीचा खेळ केला, पिस्तूल ताटाशेजारी ठेवलं आणि पाणी प्यायला वळलो. मागे स्लाइडचा आवाज. बघतो तर बाईसाहेब उभ्या. डाव्या हातात पिस्तूल, उजव्याचा आधार, मनगट कसं पोलादासारखं! शिकवणूक चांगली आहे तुमच्या घरची. चाप ओढला. टिक. मला वाटलं, मेलो. तिने स्लाइड ओढली, न फुटलेली गोळी जमिनीवर पडली, दुसरी वर आली. पुन्हा चाप. टिक. मॅगझिनमधल्या सातही गोळ्या संपेपर्यंत असंच. आम्ही तिघे पुतळ्यासारखे बसून होतो. सगळ्या गोळ्या ओळीने फरशीवर पडल्या. एकही अडकली नाही, दादा! भरण्यात खोट नाही, तुमची हमी खरी ठरली.

मग ती खाली बसली आणि म्हणाली, ‘दादाचं काम असं कसं?’ तेवढंच पुन्हा पुन्हा.

परवा मी ह्याला नशीब समजलो होतो. काल तुमचं पत्र वाचलं आणि कळलं की माझा जीव माझ्या मेहुण्याने वाचवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तेही मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं, सगळं. आता विचारत नाही ती.

आता व्यवहाराचं. त्या दोघांनी पाहिलं ते लिहून सही करून दिलंय. तुमचं पत्रही माझ्याकडे आहे, तुमच्याच अक्षरात, की परवान्याचं हत्यार तुम्ही मुद्दाम बिघडवलंत. भाऊ-बहीण दोघे एकाच दिवशी आत जाल. पण मला तसं करायचं नाही. घरची गोष्ट घरात राहावी. तिला मी कुठेही पाठवणार नाही, ती इथेच राहील.

परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. नवी पिन पाठवा. मला ती बसवता येत नाही आणि दुसऱ्या कारागिराला दाखवली तर तो प्रश्न विचारेल. ठिणगी बसवेल. तिला सगळं येतं, तुम्हीच लिहिलं होतंत. डावा हात चांगला आहे अजून. कशी बसवायची ते तिला नीट लिहा. खोट राहिली तर ती कोणाच्या हातची, ते आता मी विचारत बसणार नाही.

वहिनींना लवकर बरं वाटो.

तुमच्या बहिणीचा मालक


२० एप्रिल

दाजींना नमस्कार.

पिन सोबत पाठवली आहे, बाबांच्या डब्यातली, मूळची. ही दगा देणार नाही. खालचा मजकूर ठिणगीसाठी आहे. आपण वाचालच.

ठिणगे,

आधी मॅगझिन काढ. स्लाइड मागे ओढून नळीत बोट घाल, रिकामी आहे ना बघ. दोनदा बघ. स्लाइड उतरव. मागची छोटी पट्टी डाव्या अंगठ्याने दाबून खाली सरकव, पिन उसळून बाहेर येईल, तोंडापासून लांब धर. आखूड पिन बाजूला टाक. नवी पिन तिच्या बारीक स्प्रिंगसकट आत घाल, टोक पुढे. ती अडली तर जोर लावू नकोस, फिरवून घाल. पट्टी वर चढव. उजव्या हाताची बोटं वाकत नसतील तर स्लाइड गुडघ्यांत धर, लहानपणी धरायचीस तशी. मॅगझिनच्या स्प्रिंगचं वरचं वेटोळं पुढे उंच आहे ना तेही पाहून घे.

या वेळी चुकू नकोस. माझ्याकडूनही चूक झालेली नाही. सातही गोळ्या सुटतील.

बसवून झालं की बोट दाबून बघ. बरोबर बसलं की तुला कळतं.

दादा